न मागितलेली खुर्ची

आईनं उभं आयुष्य पोरींना पळायला लावण्यात घालवलं. रायपूरच्या एका सरकारी कन्याशाळेत ती पीटीची टीचर होती. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चाल तीच राहिली. आम्ही ब्राह्मणपारा सोडून तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो, तरी ती आठवड्यातून एकदा त्या जुन्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पायी जाते, देवळात डोकं टेकवते, ओळखीच्या घरी चहा पिते आणि पायीच परत येते. मी स्कूटरवर सोडतो म्हटलं तर म्हणते, "काहून? मले पाय नाहीत काय?"

अशा बाईला एका वेबसाइटनं न विचारता चाकांच्या खुर्चीत बसवलं.

माझ्या धाकट्या भावानं बंगळुरूला फ्लॅट घेतला होता आणि गृहप्रवेशाला आईनं यायलाच हवं असा त्याचा हट्ट होता. आई तोवर विमानात बसली नव्हती. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, माना विमानतळाला काचा लागल्या, आणि जे लोक नागपूरला जाताना जनरलच्या डब्यात जागेसाठी भांडायचे ते पानठेल्यावर उभे राहून विमानाच्या उशिराबद्दल तक्रार करू लागले. आईला या सगळ्याचं कौतुक नव्हतं. "गाडीनं जाऊ," ती म्हणाली. पण गाडीचा प्रवास लांबचा, आणि भाऊ फोनवरून मला दम देत होता: "भैया, मम्मीला ट्रेनमध्ये बसवलं तर बघ."

तिकीट मी काढायला घेतलं. नवा रायपूरच्या एका कार्यालयात मी सरकारी हिशेब तपासतो. लोकांनी बिलात काय घुसवलंय ते शोधणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला कोणी सहज फसवत नाही असा माझा समज होता. रविवारी दुपारी जेवणानंतर कॉम्प्युटरसमोर बसलो. शेजारी आई मटार सोलत होती.

विमान निवडेपर्यंत सगळं सरळ होतं. पुढच्या पानावर विमा आला, आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण आधीच लावलेली. मी काढली. लगेच एक चौकट उगवली. तिच्यात दोन उत्तरं होती. एक केशरी रंगात, हाताएवढं मोठं: 'हाँ, मेरा परिवार सुरक्षित रहे।' दुसरं राखेच्या रंगात, मुंगीएवढं: 'नहीं, मुझे परवाह नहीं।' मी परवा नसलेल्यांच्या बाजूला गेलो. मग सीट आली, तीही निवडलेली. मग सँडविच आणि ज्यूसची जोडी आली. मग तारीख बदलण्याची सवलत, मग मोबाइलवर संदेश पाठवण्याची सेवा, मग कुठं तरी झाड लावण्यासाठी दान. सगळ्यांपुढे खूण लावलेली.

शर्ट घ्यायला दुकानात जावं, तर पिशवीत टाय, पट्टा आणि अत्तराची बाटली आधीच भरून ठेवलेली असावी. ती आपण एकेक करून बाहेर काढत असताना दुकानदारानं चेहरा पाडून विचारावं, "म्हणजे तुम्हाला घामाचा वासच आवडतो तर!" असल्या दुकानदाराला आमच्या सदर बाजारात लोकांनी चार दिवसांत घरी बसवलं असतं. कॉम्प्युटरवर मात्र त्याला हुशार म्हणतात आणि चांगला पगार देतात.

मी एकेक खूण काढत गेलो. आई मधूनच विचारायची, "किती वेळ रे?" मी म्हणायचो, "हे लोक खिशात हात घालून राहिले, तो काढून राहिलो." शेवटी दोघांची नावं, वय वगैरे भरलं, पैसे भरले आणि आपण जिंकलो असं समजून उठलो.

जे राहून गेलं ते मला विमानतळावर कळलं.

आईनं नवी सुती साडी नेसली होती. हातात कापडी थैली, तिच्यात अनारसे आणि उन्हात वाळवलेली बिजौरी, म्हणजे आमच्याकडचे उडदाचे, तीळ घातलेले सांडगे. काउंटरवरच्या मुलानं तिकीट पाहिलं, आईकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाला, "मैडम की व्हीलचेयर आ रही है, दो मिनट।"

आईनं मागं वळून पाहिलं. तिच्या मागं कोणी नव्हतं.

तेवढ्यात निळ्या गणवेशातली एक मुलगी रिकामी खुर्ची ढकलत आली. "आइए माताजी, बैठिए।"

"कौन बैठे?" आईनं विचारलं.

"आप माताजी।"

"मुझे क्या हुआ है?"

मुलगी गोंधळली. तिनं हातातल्या चिठ्ठीवर आईचं नाव पुन्हा वाचलं. मी काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू लागलो. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. आईच्या नावापुढे 'वरिष्ठ सम्मान' नावाची एक सेवा घेतलेली होती आणि तिचे पैसेही भरलेले होते. वय साठीच्या पुढचं टाकलं की ही सेवा आपोआप उगवते आणि खूण लावूनच उगवते, हे मला तेव्हा समजलं. पैसे भरायच्या पानावर, एका बारीक बाणाखाली मिटलेली होती ती. सन्मान! ज्याचा सन्मान करायचा त्याला विचारायचंही नाही, आणि वर त्याच्याच घरच्यांकडून पैसे घ्यायचे.

"काढून टाका," मी म्हटलं.

"सर, यहाँ से नहीं हटेगा। जिस साइट से बुक किया है, वहीं से हटेगा।"

"पर ये चल सकती हैं! आप देख रहे हैं ना?"

"सर, सिस्टम में है।"

त्याच्यासमोर एक बाई दोन पायांवर ताठ उभी होती, पण ती सिस्टममध्ये बसलेली होती, आणि त्या मुलाचा डोळ्यांपेक्षा सिस्टमवर विश्वास होता. मी आवाज चढवला, तशी निळ्या गणवेशातली मुलगी हळूच म्हणाली, "सर, कुर्सी ख़ाली वापस ले गई तो मुझसे पूछेंगे।"

हे ऐकून आईनं मला हातानं गप्प केलं. तिनं थैली उचलली, खुर्चीत नीट मधोमध ठेवली आणि मुलीला म्हणाली, "चल बेटा।"

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढं खुर्चीत अनारशांची थैली, मागं ती ढकलणारी मुलगी, बाजूनं पीटीच्या चालीनं आई, आणि सगळ्यात मागं बॅगा ओढत मी. तपासणीला खुर्चीवाल्यांची रांग वेगळी होती. तिथल्या महिला शिपायानं थैलीकडे पाहून विचारलं, "पेशेंट कहाँ है?"

"मैं हूँ," आई म्हणाली आणि सावधानमध्ये उभी राहिली.

शिपाई हसली, मुलगी हसली, मीही हसलो. तिथवर सगळं ठीक होतं. पण आत गेल्यावर लोक बघायला लागले. एक तरुण माणूस चटकन उठून आईला म्हणाला, "बैठिए आंटीजी, आपकी तबीयत..." आणि पुढं बोलायचं टाळून त्यानं मान हलवली. एका बाईनं मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारलं की ऑपरेशनसाठी नेताय का. विमानात आम्हाला सगळ्यांच्या आधी चढवलं, आणि मग उरलेले प्रवासी एकेक करून आमच्याजवळून पुढे जाताना आईच्या गुडघ्यांकडे बघत होते.

विमान उडालं. खाली महानदीचं वाळूचं पात्र दिसत होतं. मी आईला ते दाखवलं. तिनं पाहिलं, पण तिचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मी लई म्हातारी दिसतो काय रे?"

आमच्याकडच्या कितीतरी बाया बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. आईही तशीच बोलते. पण त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता. मी म्हटलं, "काही दिसत नाहीस." तिनं हूं केलं आणि डोळे मिटून घेतले. पहिल्या विमानप्रवासात खिडकीबाहेर बघायचं सोडून माझी आई आपल्या वयाचा विचार करत बसली होती. ज्यानं कोणी ती खूण लावली त्याला मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, आणि त्या लेखापरीक्षणाच्या भाषेतल्या नव्हत्या.

बंगळुरूला उतरताना आम्हाला बसवून ठेवलं. खुर्चीवाल्यांनी सगळ्यांच्या शेवटी उतरायचं असतं म्हणे. विमान रिकामं झालं, झाडूवाले आत आले, तरी आम्ही बसलेलोच. मग दारात दुसरी खुर्ची आली. ती आणणाऱ्या माणसाला आईचं हिंदी नीट समजत नव्हतं आणि आईला त्याचं कन्नड अजिबात समजत नव्हतं. तो फक्त खुर्चीवर हात थोपटून "अम्मा, अम्मा" म्हणत राहिला. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "बसतो. याचंही समाधान होऊ दे."

आणि ती बसली. थैली मांडीवर घेतली, पाय त्या लोखंडी पट्ट्यांवर ठेवले. जिच्या शिट्टीवर शेकडो पोरी मैदानाला चकरा मारायच्या, तिला एक अनोळखी माणूस लांबच लांब चकचकीत फरशीवरून ढकलत नेत होता. मी बाजूनं चालत होतो आणि तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

बाहेर कठड्यापाशी भाऊ आणि त्याची बायको उभे होते. भावानं आईला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कठडा ओलांडून तो पळत आला. "मम्मी! क्या हुआ? पडलीस का? भैया, तू बताया क्यों नहीं मुझे?"

आई खुर्चीतून उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "काही नाही झालं. तिकिटासोबत आली होती."

गाडीत मी तोंड सोडलं. भाऊ चालवत होता, आई त्याच्या शेजारी, मी आणि भावजय मागं. भावजय भिलाईची, घरात हिंदीच बोलते, पण मराठी सगळं समजते. मी त्या वेबसाइटचा उद्धार करत होतो. हे लोक पाकीटमारापेक्षा वाईट, म्हटलं; पाकीटमार निदान पाकीट मारल्यावर त्याला सन्मान तरी म्हणत नाही. भाऊ एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, रहदारी आहे.

"कौन सी साइट थी भैया?" भावजयीनं विचारलं.

मी नाव सांगितलं. ती हसली, मग एकदम थांबली आणि आरशातून नवऱ्याकडे बघू लागली. "ये तो आपका ही प्रोजेक्ट है ना?"

माझा भाऊ 'कंपनीत आहे' एवढंच आम्हाला माहीत होतं. डिझाइन करतो, असं तो सांगायचा. आम्हाला वाटायचं, रंग, अक्षरं वगैरे ठरवत असेल. त्याची कंपनी दुसऱ्यांच्या वेबसाइटची पानं बनवते हे त्या दिवशी गाडीत कळलं. ज्याला मी विमानभर शिव्या दिल्या तो माझ्यासमोर गिअर बदलत होता.

दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश झाला. आईनं उंबरठ्यावर स्वस्तिक काढलं, दूध उतू घालवलं, आलेल्या शेजाऱ्यांना अनारसे वाटले. सगळे गेले, भांडी आवरून झाली, तेव्हा चारच्या चहाला तिनं भावाला समोर बसवलं.

"आता सांग. ती खूण तू लावली काय?"

"मम्मी, तसं नसतं ते. उसको डिफॉल्ट बोलते हैं. ज्यांना नको ते काढू शकतात."

"किती जण काढतात?"

"बहुत कम."

"काहून?"

तो कपात बघत होता. "लक्षात नाही येत त्यांच्या."

"मंग त्यांच्या लक्षात येईल असं लिहीत काहून नाही?"

भावानं मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किट उचललं. त्याला मदत करायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"मम्मी, लक्षात आलं तर कोणी घेणारच नाही ना," तो शेवटी म्हणाला. स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यावर तो थोडा ओशाळला, पण लगेच सावरून म्हणाला, "आणि ज्यांना खरंच गरज आहे त्यांचा फायदाच होतो. कितने बुजुर्ग शरमाते हैं माँगने में."

हे मात्र माझ्यानं ऐकवेना. मी म्हटलं, "तर मग विचार ना सरळ, मोठ्या अक्षरात, की मदत हवी का. आणि फुकट दे."

आई उठली, पर्समधून चष्मा काढून आणला आणि म्हणाली, "जायचं तिकीट काढायचं आहे ना आमचं? काढ. त्याच साइटवर. मी बसतो बाजूले. काय काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचायचं."

"मम्मी, मैं कर दूँगा बाद में..."

"आता."

तो स्वर आमच्या घरात सगळ्यांना ओळखीचा आहे. भावानं लॅपटॉप आणला. भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

विमा आला. त्यानं खूण काढली, चौकट उगवली. तो मान खाली घालून पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," आई म्हणाली.

"'नहीं, मुझे परवाह नहीं.'"

"कोणाची परवा नाही?"

"परिवार की."

"हे कोणी लिहिलं?"

"आमच्या टीमनं."

"टीम म्हणजे कोण?"

"मी," तो म्हणाला.

"पुढं वाच."

त्यानं वाचलं. सँडविच नको म्हटल्यावर 'मैं भूखा रह लूँगा'. तारीख बदलायची सवलत नको म्हटल्यावर 'मेरी योजनाएँ कभी नहीं बदलतीं'. ही वाक्यं लिहिताना तो आणि त्याचे सोबती एसीत बसून हसले असतील, एकमेकांना टाळ्या दिल्या असतील. आता तीच वाक्यं आईसमोर मोठ्यानं वाचताना त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दया आली असती, पण मला ती लांबलचक फरशी आठवत होती. मी आणखी एक बिस्किट घेतलं.

शेवटच्या पानावर त्यानं सन्मानाचा बारीक बाण उघडून ती खूण स्वतःच्या हातानं काढली. तरी रक्कम व्हायला हवी होती त्यापेक्षा जास्तच दिसत होती. तो मागं गेला, पुढं आला, पुन्हा मागं गेला. त्याच्या कपाळावर घाम आला. अखेर कुठल्याशा कोपऱ्यात 'लवकर सामान मिळण्याची' एक सेवा सापडली.

"हे माझं नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "ये दूसरी टीम का है."

मी मनापासून हसलो. भावजयही हसली. "अपने ही घर में चोरी हो गई," ती म्हणाली. भाऊ हसला नाही. आईही नाही. तिनं चष्मा काढून मिटवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी चालत होतो, बेटा. माझं चालणं तू मोडून टाकलं काल."

भाऊ उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळानं भावजय त्याच्याकडे गेली. रात्रीचं जेवण नेहमीसारखं झालं. आईनं त्याच्या ताटात बिजौरी तळून वाढली आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

जाताना खुर्चीमुळे आम्हाला शेजारी जागा दिली होती; परतीला खुर्ची नव्हती आणि सीटही निवडली नव्हती, म्हणून आम्हाला लांब लांब बसवलं. मी पुढं, आई पार मागच्या रांगेत. ही शिक्षा असते, भावानंच सांगितलं होतं. पैसे न भरणाऱ्यांना वेगळं बसवायचं म्हणजे पुढच्या वेळी ते भरतात. पण विमानतळावर गाडीतून उतरल्यापासून दारापर्यंत आई अशी चालली की मला बॅगा घेऊन मागं धावावं लागलं, आणि विमानात तिला शेजारी दुर्गची एक बाई भेटली. उतरेपर्यंत दोघींचं बोलणं संपलं नव्हतं.

काही महिन्यांनी भावाचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "भैया, मम्मी को बता. वो टिक हटा दिया. मी मीटिंगमध्ये बोललो."

मी साइट उघडून पाहिली. खूण खरंच नव्हती. तिच्या जागी वय टाकल्यावर दोन बटणं उगवत होती. मोठं होतं 'हाँ, माँ का ख़याल रखें', आणि खाली राखेच्या रंगात 'नहीं, माँ ख़ुद सँभाल लेंगी'. मी फोन आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून दोन्ही बटणं वाचली.

"आधीच्यापेक्षा जास्त लोक घेत असतील आता," ती म्हणाली.

मी भावाला विचारलं. तो म्हणाला, हो, बरेच जास्त. त्याला त्याबद्दल बढती मिळाली होती.

त्याचं घर आहे, हप्ते आहेत, नोकरी सोडून तो काय करणार, असं समजुतीनं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मला त्याच्या कामाची किळस येते आणि ती गेलेली नाही. बढतीच्या बातमीवर मी त्याला 'अभिनंदन' एवढा एकच शब्द पाठवला.

आई त्याच्याशी दर रविवारी फोनवर बोलते. जेवतोस का, झोप होते का, बीपीची गोळी चालू आहे का, सगळं विचारते. कामाचं तो स्वतःहून सांगू लागला की ती आमच्या बोलीतलं नुसतं "हव", म्हणजे 'हो', म्हणते, आणि सुनेला फोन द्यायला सांगते.